कोरड्या देशातलं दारूचं गाणं

सौदी अरेबियात पाऊल ठेवल्यावर माझ्या कानावर पहिलं काय पडलं असेल, तर दारूचं गाणं. दम्मामच्या विमानतळावरून माझा धाकटा भाऊ मंदार मला अल-खोबरला घरी नेत होता. गाडी सुरू होताच गिटार वाजू लागली आणि एक अमेरिकन गडी मोकळ्या गळ्यानं गाऊ लागला. मंदारनं अर्थ सांगितला. एक माणूस भर दुपारी साहेबापुढे किल्ल्या आपटतो, बिअरचा क्रेट गाडीत टाकतो, समुद्रावर जाऊन पडतो आणि परत येतच नाही. असल्या गाण्यांना कंट्री म्हणतात, आणि हे तर म्हणे तुफान गाजलंय.

"अरे, दारूबंदीच्या देशात हे लावतोस?" मी म्हटलं.

"म्हणून तर लावतो, ताई. रोज प्लांटवर जाताना. निदान ऐकून तरी चढते."

मंदार पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सध्या तिथे शटडाऊन चाललं होतं, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्रं बंद आणि माणसं दिवसभर जुंपलेली. समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ. मी आणि सायली, माझी भावजय, संध्याकाळी कॉर्निशवर (समुद्राकाठच्या रस्त्यावर) फिरायला जायचो. मंदार एकदाही आला नाही. नुसतं गाण्यातच पळून जाणाऱ्यांपैकी आमचं रत्न!

त्याची मुलगी इरा इमारतीच्या तलावात पोहायला शिकली होती. समुद्रात का जात नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, पूल में वॉल होती है. सी में थक गई तो क्या पकडूँगी?" माझी भाची मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतून किंवा इंग्रजीतून. "बाबा ने प्रॉमिस किया है. वो पानी में खड़े रहेंगे."

प्रॉमिस बरंच जुनं होतं. सुट्टीचा शुक्रवार आला की ऐन वेळी प्लांटवरून फोन यायचा आणि बाबा बूट घालायचे. माझ्या मुक्कामातला शेवटचा शुक्रवार उजाडला तेव्हा सायलीनं निक्षून सांगितलं, "आज फोन आला ना, तर मी तो समुद्रात फेकणार."

सकाळी कतीफच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. आमचं मराठी ऐकून शेजारी उभे असलेले दाढीवाले चाचा वळले. रत्नागिरीचे निघाले. "रुबियान (कोळंबी) घेताय? बारीक घ्या ताई, मोठी नुसती दिसायला," असं म्हणून त्यांनी स्वतःच निवडून दिली. कोळंबीभात झकास झाला. मी नाशिकची असूनही दोनदा घेतला.

दुपारी हाफ मून नावाच्या किनाऱ्यावर निघालो. वाळूच्या पिवळ्या टेकड्या थेट निळ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या, आणि लाटा जवळजवळ नाहीतच. मी बघतच राहिले. तेवढ्यात मंदारनं गाडी वाळूत घातली आणि चाकं रुतली. शेजारी गालिचा अंथरून बसलेल्या कुटुंबातले आजोबा उठले, आपल्या मोठ्या गाडीला दोर बांधून "यल्ला, यल्ला!" (चला, चला!) करत त्यांनी आम्हाला बाहेर ओढलं. वर वेलदोड्याचा गहवा (कॉफी) आणि खजूरही दिला. मंदारनं इतक्यांदा शुक्रान (आभार) म्हटलं, की आजोबांनाच हसू आलं.

मग स्पीकरवर तेच गाणं लागलं आणि सायलीनं सरबताचा जग काढला. त्यात सौदी शँपेन! सफरचंदाचा रस, सोडा, पुदिना आणि फळांचे काप. मी दोन पेले प्यायले. चढलं काही नाही, पण जीव गार झाला.

मंदार पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला. इरा त्याच्यामागे घोट्यापर्यंत. आणि गाणं मध्येच थांबलं. फोन वाजत होता.

तो पळतच बाहेर आला. "क्या हुआ? मैं निकलता हूँ." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. "अच्छा... अच्छा. ठीक है."

"जायचंय?" सायलीचा आवाज कोरडा होता.

"नाही. अडलेला पंप चालू झाला. येऊ नका, एवढंच सांगायला केला होता."

"मग तोंड का पाडलंस?" मी विचारलं.

"माझ्याशिवाय झालं, ताई."

मला हसू आवरेना. रोज पळून जायची गाणी ऐकणारा माणूस, आणि बोलावलं नाही म्हणून हिरमुसला! तेवढ्यात त्याचं लक्ष इराकडे गेलं, आणि माझंही. तिनं गॉगल पिशवीत भरला होता, टॉवेल गुंडाळला होता आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. रडली नाही, रुसली नाही. फोन वाजला म्हणजे निघायचं, हे तिला पाठ झालं होतं.

मंदारनं फोन माझ्या हातात कोंबला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरला. छातीपर्यंत गेला, वळला, हात पसरले. "इरा, ये! मी उभा आहे."

तिनं टॉवेल टाकला. थोडं पाणी तोडलं, गटांगळी खाल्ली, पुन्हा हात मारले आणि त्याच्या खांद्याला लटकली. "बाबा, पीछे जाओ! और पीछे!" तो मागे सरकत राहिला आणि ती येत राहिली. सायली डोळे पुसत होती. खारं वारं लागतंय म्हणाली. मी कशाला खोटं बोलू, मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. विमान वर चढलं, खाली वाळू आणि पाणी लहान लहान होत गेलं, आणि मला तो गाण्यातला गडी आठवला. नोकरीवर लाथ मारून तो समुद्रावर पोचतो खरा, पण तिथे त्याची वाट बघणारं कुणीच नाही. बिचारा पिणार नाही तर काय करील?