कोपीतला कोरडा कोपरा

आज सकाळपासून आभाळाचं लक्षण मला बरं दिसत नाही. मार्गशीर्ष सरत आला, पहाटे गोधडी अंगावर ओढून घ्यावी अशी थंडी पडायचे हे दिवस. आणि दोन दिवस झाले, थंडी कुठे दडी मारून बसलीय कोण जाणे. हवा दमट, कोंदलेली, आणि पूर्वेकडून काळं काहीतरी गुपचूप सरकत आलेलं. पावसाळ्यातल्या ढगाचं मी समजू शकते, तो आपल्या कामाला आलेला असतो. हिवाळ्यात आलेल्या ढगाला मात्र आधी विचारावं, बाबा रे, तुझं इथे काय काम? माझं विचारून होण्याआधीच तो कोसळायला लागला आणि आमच्या गेटसमोर, मनमाड रस्त्याच्या कडेला, एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत ऊसतोडणीवाल्यांचा सगळा संसार: भांडी, गोधड्या, बांबू, कोंबड्यांचं खुराडं. ट्रॉलीखाली चाकांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या तीन-चार बाया. मी त्यांच्याकडे पडद्याआडून बघते आहे. समोर दिसले तर काहीतरी मागतील, ही मनातली गोष्ट कशाला लपवायची? तेवढ्यात वाऱ्याबरोबर भिजलेल्या पाचटाचा वास आत आला. उसाची वाळलेली पानं भिजली की त्यांना एक गोडसर, कुबट वास येतो. त्या वासाने मला थेट माझ्या आत्याकडे नेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बेलापूरला प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मुलांची पोटदुखी खरी की खोटी हे ओळखण्यात सगळी नोकरी गेली म्हणून असेल, किंवा एकट्या बाईला जग जसं भेटतं तसं भेटलं म्हणून असेल, पण तिचा कुणावरही विश्वास नसे. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायची. फोनवर कुणी 'निघालोय, वाटेतच आहे' म्हटलं की विचारायची, 'समोर काय दिसतंय ते सांग.' अर्धी माणसं तिथेच गडबडायची, कारण ती अजून आपल्या घरच्या भिंतीकडे बघत असायची. एकच प्रश्न दोघांना वेगवेगळं गाठून विचारायचा आणि उत्तरं जुळली तर दोघांनी संगनमत केलंय असं समजायचं, ही तिची पद्धत. हसू नका, आमच्या घराण्यात बसकं नाक आणि संशय दोन्ही वारशाने येतात, आणि माझ्या वाट्याला दोन्ही पुरेपूर आले आहेत.

तिचा एक डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला तरी ती शस्त्रक्रियेला तयार होईना. म्हणायची, 'डोळ्यावर पट्टी बांधली की लोक वाट्टेल ते सांगतात, आणि आपल्याला ते खरं मानावं लागतं.' शेवटी भाकरीला लागलेली मुंगी दिसेनाशी झाली तेव्हा ती नगरला माझ्याकडे आली. अशाच एका मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. डॉक्टरांनी बजावलं की पट्टी आत भिजता कामा नये, डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. एकच डोळा आहे, जंतू शिरले तर हाताशी काही उरणार नाही. आत्याने हेच पुन्हा नर्सला विचारलं, मग औषधं देणाऱ्या पोराला विचारलं. तिघांचं उत्तर एकच निघालं तेव्हा ती मला कुजबुजून म्हणाली, 'पाठ करून ठेवलंय मेल्यांनी.' पण मनातून घाबरली होती. माझा हात तिने त्या दिवशी जो धरला तो सोडलाच नाही.

पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची होती. हेच डॉक्टर आठवड्यातून एकदा श्रीरामपूरच्या दवाखान्यात बसत, तिथे. बेलापूरपासून ते अगदी जवळ, म्हणून आत्याला त्याच दिवशी घरी जायचं होतं. दुपारी बाहेर पाऊस सुरू झाला. बातम्यांमध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं सांगत होते. दवाखान्यातले म्हणाले, आजी, आजची रात्र इथेच काढा, ओढ्या-नाल्यांना पाणी येतंय. आत्या म्हणाली, 'वादळ तिकडे समुद्रात, आणि पाणी राहुरीच्या ओढ्याला? खोलीचं भाडं लावायचंय त्यांना, दुसरं काही नाही.' मी म्हटलं, मग माझ्याकडे राहा. त्यावर तिने पट्टीआडून माझ्याकडे तोंड वळवलं. 'उद्या डॉक्टर श्रीरामपुरात असणार हे तुला ठाऊक आहे. तरी राहा म्हणतेस. का गं?' खरं सांगायचं तर हिवाळ्यात पूर येईल असं मलाही वाटलं नव्हतं. आमच्या या भागात पाण्याचं नाव काढलं की माणूस आधी हसतो. येणार येणार म्हणून कालव्याच्या पाण्याचं आवर्तन येत नाही, भर आषाढात ढग नुसते तोंड दाखवून जातात. ते पाणी मार्गशीर्षात येऊन रस्ता अडवील, हे कोणाच्या डोक्यात येणार? मी तिच्या डोक्याला शाल गुंडाळली, रिक्षा अगदी पायरीपर्यंत आणवली आणि आम्ही एसटीत बसलो.

राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या चिखलात रुतून रस्ता बंद झाला होता. ड्रायव्हरने गाडी आतल्या गावरस्त्याला घातली आणि एका ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी आणून उभी केली. पूल कुठे आहे ते दिसतच नव्हतं. लालसर काळं पाणी, त्यातून वाहत जाणारी उसाचे तोडलेले शेंडे, पाइपाचे तुकडे, कुणाची तरी चप्पल. थंडीतल्या पावसाचा आवाजही वेगळा असतो. त्यात आनंद नसतो, नुसता हट्ट असतो. आणि एसटीचं काय वर्णन करू, जेवढा पाऊस बाहेर तेवढाच आत. टपातून आधी एक धार लागली, मग दुसरी. मी आत्याला या बाकावरून त्या बाकावर हलवत होते आणि धारा जशा काही तिचा माग काढत येत होत्या. शाल भिजली. पट्टीच्या कडेपर्यंत ओल आली. काहीही करून तिला कोरड्यात न्यायला हवं होतं, नाहीतर तो उरलेला डोळाही जाईल, आणि संशय घ्यायलासुद्धा तिला काही दिसणार नाही.

अशा वेळी एक बंदिस्त, कोरडी ठणठणीत जीप मागून आली. ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, 'बसा मावशी, पल्याड सोडतो. आत्ताच दोन गाड्या गेल्या. गुडघ्याच्या बी खाली हाय पानी.' लोक धडाधड चढायला लागले. मीही आत्याला दंड धरून एसटीच्या दाराशी आणलं. तिथून ती हलेना. कंडक्टरला विचारलं, पाणी किती आहे? तो म्हणाला, 'काय न्हाई आजी, घोट्याएवढं.' एका प्रवाशाला विचारलं, तो म्हणाला मांडीएवढं. आत्या म्हणाली, 'एकाच पाण्याची तीन मापं. आणखी कुणाला तरी विचार.' मला तर रडूच कोसळायच्या बेतात होतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या, बांबू आणि पाचटाची खोपटं. एक बाई पोर कडेवर घेऊन, डोक्यावर खताच्या गोणीच्या प्लास्टिकची खोळ पांघरून उभी होती. आत्याने तिच्या पोराचं रडणं ऐकलं असावं. त्या दिशेला तोंड करून तिने विचारलं, 'काय गं बाई, पाणी किती आहे?'

ती बाई म्हणाली, 'मला न्हाई ठाव. आमी हितलं न्हाई, पाथर्डीकडचं हाव. काळं पानी हाय, तळ दिसत न्हाई.'

आत्याने माझा हात सोडला. इतक्या वर्षांत कुणाच्या बोलण्यावर तिला असं मान डोलावताना मी पाहिलं नव्हतं. 'जीप जाऊ दे,' ती म्हणाली. 'हिच्याकडे काही आडोसा आहे का बघ.' मी ओशाळून विचारलं, तर त्या बाईने आपल्या डोक्यावरची खोळ काढली, आत्याच्या डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली आणि तिला हाताला धरून चिखलातून वर नेलं. मला भलभलतेच विचार. आत्याच्या गळ्यात पोत होती, माझ्या पर्समध्ये मोबाईल. इतकं मोकळ्या मनाने कुणी आत घेतं का?

कोपीत वाकून शिरावं लागलं. आतही ठिबकत होतंच. चुलीशेजारचा एकच कोपरा कोरडा होता, तिथे पोराची झोळी बांधलेली. बाईने झोळी सोडली, पोर छातीशी धरलं आणि आत्याला त्या कोपऱ्यात बसवलं. स्वतः दाराशी बसली. तिथे वरून सरळ धार येत होती, तिच्या मानेवर, पाठीवर. थोड्या वेळाने आत्याने कान टवकारले. 'कुठे पाणी गळतंय? तुझ्या अंगावर पडतंय का गं?' बाई म्हणाली, 'न्हाई वो. मी कोरडी हाय. तुमी निवांत बसा.' तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प राहिले. तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. जीप ओढ्याच्या मध्यावर बंद पडली होती आणि आत पाणी शिरत होतं. माणसं दोराला धरून छातीपर्यंत भिजून का होईना, सुखरूप अलीकडे आली. मी आत्याला सांगितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, बघितलंस? पण ती फक्त चुलीच्या उबेला तळहात धरून बसली.

उजेड असतानाच मोठा रस्ता मोकळा झाल्याची बातमी आली आणि एसटी उलटी फिरली. गाडी गळकीच, म्हणून बाईने खोळ आत्याच्या डोक्यावर तशीच राहू दिली, वरून सुतळीने बांधली. आत्याने विचारलं, 'याचं काय घेशील?' 'काय घिऊ,' ती म्हणाली, 'पिशवीच तर हाय.' दुसऱ्या दिवशी श्रीरामपुरात पट्टी उघडली. आतला कापूस कोरडा होता. डॉक्टरांनी बोटं धरली, आत्याने बरोबर ओळखली, आणि मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, 'तू फार वाळली आहेस. फोनवर तर बरी आहे म्हणायचीस.'

घरी आल्यावर तिने खोळ धुऊन वाळत घातली आणि म्हणाली, 'ही परत करायला हवी. काय सरळ बाई होती. एक शब्द खोटा बोलली नाही.' मला राहवलं नाही. म्हटलं, 'एक बोलली.' आणि सांगून टाकलं की ती धारेखाली बसली होती, पोरासकट, आपण होतो तितका सगळा वेळ. आत्याने मान वळवून वाळत घातलेल्या खोळीकडे बघितलं. सगळ्या जगाची खोटी बोलणी पकडणाऱ्या माझ्या आत्याच्या कानांना हे एक खोटं कळलं नव्हतं. तिचा तो नवा डोळा भरून आला. मी घाबरून म्हटलं, अगं, डोळ्यात पाणी जाता कामा नये. 'गप गं,' ती म्हणाली. 'मला तिचं तोंड बघायचंय. रिक्षा बोलाव.'

आम्ही गेलो तेव्हा उंचवट्यावर फक्त चुलींचे काळे डाग आणि भिजलेलं पाचट उरलं होतं. वाफसा नाही, चिखलामुळे उसाच्या फडात गाडी जाईना, म्हणून मुकादमाने टोळी दुसरीकडे हलवली होती. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं. नावही आम्ही विचारलं नव्हतं. आत्या ती घडी केलेली खोळ हातात घेऊन तिथे उभी राहिली आणि मला म्हणाली, 'कशी होती दिसायला?' मी आठवायला लागले. सावळी, कपाळावर गोंदण. पण तशा तर कितीतरी असतात. मी कोपीत बसून सगळा वेळ पर्सकडे लक्ष ठेवलं होतं, तिच्या तोंडाकडे नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत आत्याचं फाटक उघडं असायचं. कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्या तिच्या दारावरूनच जात. पूर्वी त्यातल्या बाया पाणी मागायला आल्या की ही आतूनच 'नळ आला नाही' म्हणून सांगायची. आता ज्या येतील त्यांना अंगणात घ्यायची, चहा द्यायची, आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत म्हणायची, 'बोल गं काहीतरी.' बाया हसायच्या, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणायच्या. दूधवाल्याला मात्र शेवटपर्यंत सुटका नव्हती. एकदा मी म्हटलं, 'आत्या, तिचं तोंड तू पाहिलेलं नाहीस, ओळखणार कशी?' ती म्हणाली, 'नाही ओळखणार. तेच तर झालंय. तोंड माहीत असतं तर तिला एकटीला आत घेतलं असतं आणि बाकीच्यांवर डोळा ठेवला असता. आता कुणावर ठेवू? यातली कुठलीही ती असेल.'

आत्या जाऊनही आता बरेच दिवस झाले. तिचं घर आवरताना दाराआडच्या खिळ्याला ती खोळ होती, सुतळीसकट. ती मी आणली, का ते माहीत नाही. बाहेर पाऊस वाढलाय, ट्रॉलीखाली पाणी शिरलंय, आणि बाया उकिडव्या झाल्या आहेत. एकीच्या कडेवर पोर आहे. मी मघापासून पडदा धरून उभी आहे. ही ती नाही, वयच जुळत नाही, हे मला कळतं. आपल्याला खरोखर बदलायला एक माणूस पुरतो का, की त्याची गोष्ट नुसती सांगायला पुरते, अशी मला स्वतःविषयीच शंका आहे.

व्हरांड्यातल्या चपला मी आधी आत घेतल्या. मग डोक्यावर खोळ घालून गेटची कडी काढायला गेले.