प्रयोगाखालची बारीक ओळ

सांगलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं आम्हा शिक्षकांना एक पिशवी, एक पेन आणि एक महान शोध मिळाला: मुलांनी शिकलेलं त्यांच्या जगण्याशी जोडायचं असतं. तीस वर्षं विज्ञान शिकवून मला हे सुचलं नव्हतं, हा माझाच कमीपणा. सोबत एक तक्ता दिला. त्यात प्रत्येक मुलापुढे 'वैयक्तिक अर्थ सापडला का?' असा बोटभर रुंदीचा रकाना. अर्थ सापडला तरी तेवढ्यातच मावायला हवा.

आमची शाळा विट्याजवळच्या गावात. इथले निम्मे बाप परराज्यांत गलाईची, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायची दुकानं चालवतात. जोडायला याहून सोपं काय? दहावीला तांब्यावर नायट्रिक आम्ल शिकवताना मी सरळ गलाईच वर्गात आणली. याच आम्लात सोन्यातली भेसळ विरघळते, तुमचे वडील खरे रसायनशास्त्रज्ञ, आणि वर येणारा तो तपकिरी वायू काय देखणा! वर्ग खूश, मी त्याहून खूश. सगळ्यांपुढे 'होय' लिहून टाकलं.

तास संपल्यावर एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. प्रयोगाखाली बारीक अक्षरात छापलेल्या सूचनेवर तिचं बोट होतं: वायू विषारी आहे, प्रयोग हवेशीर जागी करावा.

"मॅडम, पप्पांच्या दुकानाला खिडकीच न्हाई. त्यांचा खोकला दोन वर्षं झाली थांबंना. ते म्हणत्यात, तिकडचं पाणी बाधतंय. ही ओळ तुमी का वाचली न्हाई?"

कशी वाचणार? तिच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. प्रश्न न येणाऱ्या ओळी मी वाचत नाही. या शिस्तीमुळेच माझा निकाल दरवर्षी उत्तम लागतो. "वडिलांना सांग हो," एवढं मोलाचं मार्गदर्शन करून मी चहाला गेले.

तिनं खरंच सांगितलं. पानाचा फोटो पाठवला. रोज फोनवर तीच ओळ वाचून दाखवली. खिडकी काढेपर्यंत वडिलांशी दुसरं काही बोलायचंच नाही, असा हट्ट धरला. घरात तिला आगाऊ म्हणू लागले, आजीनं तर तिच्या हातातला फोनच काढून घेतला. तरी पोरगी हटली नाही.

गावच्या यात्रेला गलाईवाले घरी येतात. तिचे वडीलही आले आणि थेट शाळेत माझ्यासमोर उभे राहिले. आभार मानायला आले असणार, म्हणून मी पदर नीट केला.

"खिडकी काढली, बाई. धूर वढायला पंखा बी बसवला," ते म्हणाले आणि बराच वेळ खोकले. "डॉक्टर म्हणला, लय उशीर झाला. जेवढी छाती गेली ती काय परत येत न्हाई."

मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुमी वळखलं न्हाई मला. मी बी ह्याच वर्गात, तुमच्याच हाताखाली शिकलोय. आमच्या पुस्तकात ती ओळ नव्हती का वं?"

"होती," मी म्हणाले. "मीच गाळली."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "असू द्या. पोरीला तरी गावली," एवढंच म्हणाले, आणि जाताना वाकून माझ्या पाया पडले.