अण्णांचा जुना डोळा आणि पांढरा कापूस

मित्रांनो, सकाळपासून डोकं जाग्यावर न्हाई. तुम्हीच सांगा काय करू.

दिवस उगवताना जाफराबादच्या आमच्या वावरात कापसाचे फोटो काढायला गेल्तो. सोबत माझे वडील, अण्णा. मागच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं येत्या सोमवारी आहे.

कॅमेऱ्यात सगळं रान पिवळं येऊन राह्यलं होतं. मी व्हाइट बॅलन्स बदलला, तसा कापूस पांढरा झाला. अण्णांना दोन्ही फोटो दाखवले. म्हणलं, "उजेड पिवळा असला की पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला सांगावं लागतं."

अण्णांनी समोरच्या रानाकडं बघत एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा.

"मला बी तसंच दिसून राह्यलंय. नव्या डोळ्यानं कापूस दुधावानी, जुन्यानं सायीवानी. मंग खरा कोणता?"

मी पटकन बोलून गेलो, "नव्याचा. जुना डोळा उगंच पिवळं दाखवतो. सोमवारी तो पण बराबर होईल."

अण्णांनी परत उजवा डोळा झाकून रानाकडं पाह्यलं. मंग म्हणले, "सोमवारचं राहू दे. तुझी आई मी ह्या जुन्या डोळ्यानं पाह्यलेली हाये."

आईला जाऊन अजून वर्ष झालेलं न्हाई.

घरी आल्यावर लई समजावलं, ऐकतच न्हाईत. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकत आलाय, थांबलात तर डोळ्याला धोका आहे.

फोटो मी पाहिजे तेव्हा परत पिवळा करू शकतो. अण्णांना काय सांगू?