पानमळ्याची अदलाबदल

आमचे हे, नवकुमार बारुई, भलते संशयी. बेलडांग्याला आमचा पानमळा होता. न्हाल्याशिवाय त्यात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पानांवर डाग पडतात, ही आम्हा पान पिकवणाऱ्या बारुयांची रीत. हे मला मळ्यात सोडताना केस ओले आहेत का ते हात लावून बघायचे! लग्नाच्या बायकोचे!

फाळणीचा कायदा आला. त्यातल्या यादीत आमचा मुर्शिदाबाद जिल्हा पाकिस्तानात, खुलना हिंदुस्थानात. झालं, यांची झोप उडाली. खुलन्यातल्या फकिरहाटचा मोखलेस मियाही तसाच घाबरलेला. दोघांनी घरदार, जमीन बदलून घ्यायचं ठरवलं. यांनी त्याच्या विहिरीचं पाणी चाखलं, खांब ठोकून पाहिले, मेव्हण्याचीसुद्धा चौकशी केली. यादी तूर्तासची आहे, सरहद्द अजून ठरायची आहे, हे सगळा गाव बोलत होता. तेवढ्यावर मात्र यांनी काणाडोळा केला. आम्ही फकिरहाटला आलो, मोखलेस बेलडांग्याला गेला.

झेंडे लागून दोन दिवस होतात तोच रेडिओवर खरी सरहद्द सांगितली. खुलना पाकिस्तानात, मुर्शिदाबाद हिंदुस्थानात. आम्ही पुन्हा नको तिथेच!

“मोखलेसला आधीच ठाऊक होतं. गोड बोलून गळा कापला मेल्याने.”

“अहो, मग तो कशाला अडकला तिकडे?”

“तू गप्प बस.”

दुर्गापूजेच्या सुमारास मोखलेस स्वतः होडीने आला. हातात आमच्याच बेलडांग्याच्या मळ्यातल्या पानांची टोपली.

“नवदा, परत बदलू. तुझं तुला, माझं मला. इकडच्या बागेरहाटचा एक सोनार आपलं घर देऊन तो मळा मागतोय. ओहोटीला मी निघणार. तू नाही म्हणालास तर त्याला शब्द देईन.”

“मळ्यात पारोसा शिरत असशील तू.”

“अल्लाशपथ, न्हाऊनच जातो. लोक हसतात मला.”

यांनी टोपली घेतली आणि दार लावलं. “एवढ्या लांब फुकट कोण येतं? याला काहीतरी कळलंय. सरहद्द पुन्हा हलणार.” आणि बसले एकेक पान उलटून डाग शोधत. मी हात जोडले, रडले, “अहो, हो म्हणा हो!” ऐकतील तर शपथ. एकाही पानावर डाग निघाला नाही. हे उठले तोवर ओहोटी लागून होडी गेली होती.

मळा सोनाराचा झाला. हल्ली ओहोटीच्या वेळी हे काठावर जाऊन बसतात. घरी चला म्हटलं तर म्हणतात, “थांब गं. मोखलेसचा काय भरवसा, येईलही.”