पायरीपाशी राहिलेल्या चपला

धारूरजवळच्या माझ्या पडीक रानात तो मेंढपाळ चार दिवस उतरला होता. दरवर्षी कुणी ना कुणी मेंढरं घेऊन उतरतंच, पण याच्या बिऱ्हाडाला घोडं नव्हतं. जुन्या जीपमागं चाकांवरची छोटीशी पत्र्याची खोली होती, दार-खिडकीवाली. नुकतीच घेतलेली. मेंढरं त्याचा भाऊ मागून हाकत आणायचा.

पहिल्याच संध्याकाळी तो माझ्याकडं जुन्या चपला मागायला आला. हरवल्या का, विचारलं तर ओशाळून हसला. निघायच्या दिवशी खोली जीपला जोडून झाली की तो देवाला हात जोडायला आत जाई. चपला पायरीपाशी काढे आणि बाहेर येऊन तसाच अनवाणी जीपमध्ये चढे. असे तीन गावांत तीन जोड राहिले होते.

"जलम उघड्यावर गेला, दादा. दारात चपला काढायची लई हौस हाय. पण घरच निघालंय, हे ध्यानात राहत न्हाई."

"आणि वहिनींच्या?"

"ती काढतच न्हाई. आत बी चपला घालूनच बसती. म्हणती, ह्याला काय घर म्हणायचं व्हय?" हे मात्र तो न हसता बोलला.

पाचव्या दिवशी सकाळी रानात गेलो, तर बिऱ्हाड हललेलं होतं. मी दिलेल्या चपला ढेकळांत पडल्या होत्या. त्याचं मला काही वाटलं नाही. पण शेजारी आणखी एक जोड होता. बायकी, टाचेला झिजलेला, नीट जुळवून ठेवलेला.