कल्हई गेलेलं पातेलं

आमच्या घरात पोट दुखलं की कारणं ठरलेली: नजर लागली, वात धरला, नाहीतर बेंबी सरकली. चौथं कारण मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले होते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. घनसावंगीला आम्ही दोघी जावा. धाकटी शहागडची, लग्नाला वर्षही न झालेली. तिच्या हातची कढी सासऱ्यांना फार आवडे. ती व्हायची माझ्या माहेरच्या पितळी पातेल्यात. त्या पातेल्याचा मला भारी गर्व. दिवाळीला मी ते आतबाहेर वाळूनं घासघासून आरशासारखं केलं. आतली कल्हई निघून पिवळं पितळ उघडं पडलं, ते मला दिसलं होतं. तशा भांड्यात ताक कळकतं, बाधतं, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. पण कल्हईवाला नुकताच येऊन गेला होता. तो पुन्हा येईपर्यंत काय होतंय, म्हटलं.

मग घरात मुरडा सुरू झाला. सासरे, पोरं, सगळी ओकायला लागली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला. उतार पडायचा, कढी झाली की पुन्हा तेच. शेवटी त्यांचा डोळा धाकटीवर गेला.

"हिच्या हाताला गुणच न्हाई. काय कालवून राह्यली देव जाणे. सोडून या शहागडला!"

"आत्याबाई, भाकरी बी माझ्याच हातच्या खाता न्हवं? त्या कशा बाधत न्हाईत?"

"बघा, वरून तोंड चालवती!"

मी खाली मान घालून पीठ मळत राहिले.

धाकटीला माहेरी पोचवायला गाडी जुंपली, त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "थोरले, आज कढी तू कर. हिच्या हाताबिगर कशी पचती, बघूच."

चुलीशी पातेलं होतं, शेजारी मातीचं गाडगं. गाडग्यात केली असती तर कुणाचं पोट दुखलं नसतं, आणि धाकटी कायमची दोषी ठरली असती. मी पातेलं उचललं, ओसरीवर नेऊन सगळ्यांपुढं ठेवलं. "आत बघा. कल्हई गेलीया. हिच्या हाताचा बिलकुल दोष न्हाई."

"आन् तुला आजच दिसलं व्हय?"

"आजच," मी म्हणाले.

जुंपलेल्या गाडीचे बैल सोडले. कढी धाकटीनंच केली, गाडग्यात. कुणाचं पोट दुखलं नाही. पण तो 'आजच' माझ्या पोटात वर्षानुवर्षं राहिला. परवा आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं.

ती हसली. "अक्का, तुम्ही पातेलं ओसरीवर आणलं तवाच मला कळलं व्हतं. त्या दिवसांत तुम्ही कढी कधी वाढूनच घेत नव्हता."

"मंग बोलली का न्हाईस?"

"गाडी सुटायच्या आत बोललात की तुम्ही. मला तेवढं बस होतं." तिनं कढीचं भांडं पुढं ओढलं. "आता तरी घ्या."

मी वाटी पुढं केली. संपल्यावर पुन्हा पुढं केली.