घडवंचीखालचं कुत्रं

घडवंचीला बिब्ब्याचं तेल मी लावलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, दादापुढे नाही, बायकोपुढेही नाही. आता पन्नाशी उलटली. आई गेली, ते कुत्रंही कधीच गेलं. तरी वाशीमच्या बाजारात गेलो की सुतारांच्या दुकानांकडे वळायचं मी टाळतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आणि हेही आत्ताच सांगतो, की त्या कुत्र्याच्या खाजेचं कारण मीच शोधून काढलं. त्याचा अभिमान मला अजून आहे. लाज वाटते ती वेगळी, तिनं हा अभिमान कमी झालेला नाही.

कुत्रं वहिनीचं. लग्न होऊन ती केनवडहून आमच्याकडे आली, तेव्हा ते बैलगाडीच्या मागं दिवसभर धावत आलं. वऱ्हाड्यांनी ढेकळं मारली, गाडीवानानं चाबूक उगारला. तेवढ्यापुरतं ते बाजूच्या शेतात शिरायचं आणि पुन्हा चाकामागं यायचं. आमच्या दारात येऊन बसलं ते बसलंच. "लोकाइच्या सुना आंदनात भांडे आनतेत, आमचीनं कुत्रं आनलं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वहिनी हसून ऐकून घ्यायची. लग्नाला चार वर्षं झाली आणि मूलबाळ झालं नाही, तसं आईच्या या बोलण्यातलं हसू गेलं. बोलणं तेच राहिलं.

त्या उन्हाळ्यात कुत्र्याला खाज सुटली. पोट लाल झालं, मागच्या पायांच्या आतली कातडी सोलली, हनुवटीखाली पुटकुळ्या आल्या. दिवसभर ते ओट्याच्या दगडाला पोट घासायचं. शेजारणीनं सांगितलं म्हणून वहिनीनं करंजाचं तेल लावलं. मग कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, लोण्यात गंधक झालं. काही केल्या उतार पडेना. आणि मग वहिनीच्याच दोन्ही मनगटांवर तसलंच पुरळ उठलं.

आई त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी घेईना. "लूत हाय ते. कुत्र्याची तिले लागली," ती म्हणाली. गल्लीतल्या बायका लुतीवर थांबल्या नाहीत. विहिरीवर कुणीतरी महारोगाचा शब्द काढला आणि तो संध्याकाळपर्यंत आमच्या घरी आला.

दादा भला माणूस, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. त्यानं मला गोठ्यात गाठलं.

"आखाजी झाली का तिले केनवडले पोचवून देतो. बरी झाली का आनू."

"आन् कुत्रं?"

"त्याले जऊळक्याले नेतो. ठेसनावर मालगाडीच्या रिकाम्या डब्यात टाकून देतो. जाईन हिंगोलीकडे कुठंतरी."

"वयनी परत येईन काय मंग?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. असल्या रोगाचं नाव घेऊन माहेरी गेलेली बाई परत येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी तेव्हा बाविशीचा. वाशीमला शिकायला ठेवलेला मुलगा नापास होऊन घरी आलेला. घरात माझं काही चालत नसे. पण कुत्र्याकडे पाहताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली होती. गावात लुतीची कुत्री मी पुष्कळ पाहिली होती. त्यांचे कान आधी जातात, पाठीचे केस झडतात. आमच्या कुत्र्याचे कान साफ होते, पाठ तुकतुकीत होती. जे काही होतं ते खालच्या अंगाला, जिथं केस विरळ आणि जे जमिनीला टेकतं तिथं. रोग असा जागा निवडून येतो का?

मी त्याला मळ्यात नेऊन बांधलं. चार-सहा दिवसांत पोटावरची लाली ओसरली. घरी आणलं तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा घासायला लागलं. शिवाय गल्लीतली दोन कुत्री रोज त्याच्याशी लोळण घेत, ती ठणठणीत. खाज कुत्र्यात नव्हती, आमच्या घरात होती.

वहिनीला सांगितलं, तर ती मनगटं पदराखाली झाकत म्हणाली, "भाऊजी, कुत्र्याचं कारन सापडलं का माह्याही हाताचं सांगजा. आमी दोघं एकाच गावचे."

मग मी कुत्र्याच्या मागं लागलो. ते कुठं बसतं, कुठं उठतं, हेच माझं काम. आई म्हणायची, "शायेत असं ध्यान देलं असतं त आज मास्तर झाला असता." सकाळी ते चुलीमागच्या राखेत बसे. ती जागा मी पाट आडवा लावून बंद केली, फरक नाही. मग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग काट्यांनी वेढला, फरक नाही. गोठ्याचं दार लावून घेतलं; खाज तशीच. राहिली एक जागा. पाण्याचे माठ ठेवायची लाकडी घडवंची, तिच्या खालची ओली, गार भुई. ऊन चढलं की कुत्रं तिथं पोट टेकून दुपार काढायचं. आणि माठांतलं झिरपलेलं पाणी तिथून रोज कोण पुसायचं? वहिनी.

मी तिला पोतेरं मागितलं.

"त्याचं काय करता? धुऊन धुऊन हात दुखले, पन त्याचे काये डाग काई जात नाई. धुतले का अजूनच काये होतेत."

मी ते पोतेरं उन्हात धरलं. बारीक बारीक काळे थेंब. परिटानं कपड्यावर खूण करावी तसे. आणि परीट खूण कशानं करतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बिब्ब्यानं.

तरीही घरात कुणाच्या मनात बिब्बा आला नाही, याला कारण होतं. दादानं लहानपणी बिब्बे हाताळले होते, तेव्हा त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे उघडेनात. तेव्हापासून आईनं बिब्ब्याला घरबंदी केली होती. दृष्ट लागू नये म्हणून लोक दाराला बिब्बा बांधतात, आमच्या दाराला तोही नव्हता. आमच्या घरात बिब्बा नाही, यावर सगळ्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

माझाही होता म्हणायला हरकत नाही, इतकं मी ते तेल लावणं विसरलो होतो. हिवाळ्यात घरची सगळी माणसं लग्नाला गेली असताना मी एकटा राहिलो होतो. आमची जुनी घडवंची उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली होती. नवी वाशीमच्या एका मिस्त्रीनं करून दिली होती, वयानं दादाएवढा असलेला मुसलमान सुतार. "सागाची हाय, भाऊ. याले उधई तोंड लावत नाई," असं तो म्हणाला होता. मला ते पटलं नव्हतं. जऊळक्याच्या स्टेशनात लाकडी खांबांना डांबर फासलेलं मी पाहिलं होतं. डांबर आमच्याकडे कुठलं? मग मीच डोकं चालवलं. किन्हीराजाच्या रानातून बिब्बे आणले, तीळतेलानं हात माखून ते ठेचले, जवसाच्या तेलात कालवले आणि चिंधी काठीला बांधून घडवंचीला खालच्या अंगानं चोपडले. वरून काही दिसू नये, आईला कळू नये. थंडीत ते घट्ट राहिलं. चैत्राचं ऊन तापलं तसं सैल होऊन माठांच्या पाण्याबरोबर ठिबकायला लागलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी नवे माठ मांडायचे म्हणून घडवंची रिकामी झाली. घरात कुणी नसताना मी ती उलटी केली. चिंधीचे ओघळ तसेच होते. माझेच. लाज वाटली, हे खरं. पण त्याच्याही आधी छातीत आनंद मावेनासा झाला होता, हेही खरं. सापडलं होतं.

खात्री करायला हवी होती. मी त्यातला टिपूस काडीनं उचलून माझ्या कोपराच्या आतल्या अंगाला लावला. मग विळा घेतला, हात तेलानं माखले आणि घडवंचीचं खालचं अंग खरवडून पांढरं केलं. खरवडलेला भुसा उकिरड्यात पुरला. ते का केलं, हे तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

आखाजीच्या सकाळी कोपर चुणचुणत होतं. दुसऱ्या दिवशी टरारून फोड आला. अशी गोड खाज मला जन्मात पुन्हा कधी सुटली नाही. अंगणात दादा गाडीला बैल जुंपत होता. वहिनीचं गाठोडं ओट्यावर होतं आणि गळ्यात दोरी बांधलेलं कुत्रं चाकाशी. गल्ली बघायला जमलेलीच होती. मी सरळ जाऊन माझा हात आईपुढे धरला.

"हे काय हाय, सांग."

आईनं हात उजेडाकडे वळवला. "बिब्बा उतला हा. कुठी हात घातला मेल्या?"

"आता वयनीचे मनगटं पाय. कुत्र्याचं पोट पाय."

तिनं वहिनीचं मनगट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा धरलं. मग दादाला हाक मारून कुत्र्याला उताणं करायला लावलं. गल्लीतल्या बायका वाकून पाहत होत्या. विहिरीवर तो शब्द काढणारी म्हातारीही त्यांत होती.

"बिब्बाच हाय," म्हातारी म्हणाली. "मी पयलेच म्हनलं होतं."

"तू काय म्हनलं होतं ते साऱ्या गावाले माहीत हाय," आई म्हणाली.

मी भुई दाखवली, पोतेऱ्याचे डाग दाखवले, पाणी कसं ठिबकतं ते दाखवलं. राखेपासून घडवंचीपर्यंत एकेक जागा कशी बाद केली ते सांगितलं. नापास पोराचं बोलणं सगळी गल्ली खाली बसून ऐकत होती. दादानं बैल सोडले. आईनं वहिनीचं गाठोडं स्वतः उचलून आत नेलं, आणि आतून तिचाच आवाज आला, "खोबरं न् तीळ वाट वं सूनबाई. तुले बी लाव, त्या केनवडवाल्याले बी लाव." कुत्र्यानं आपल्या वाटणीचं खोबरं चाटून संपवलं आणि वहिनीच्या मनगटावरचंही चाटायला गेलं. कित्येक दिवसांनी आमच्या घरात सगळे एकदम हसले.

त्या हसण्यातच आईनं विचारलं, "पन बिब्बा आला कोठून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण शोधणारा मी, हेही मलाच ठाऊक असणार. खरं सांगायला एवढा चांगला क्षण पुन्हा मिळणार नव्हता. वहिनी माझ्याकडे देवाकडे पाहावं तशी पाहत होती. मला ती नजर सोडवेना.

"लाकडातून," मी म्हणालो. "मिस्त्रीनं सागाच्या नावानं बिब्ब्याचं लाकूड देलं असन."

झालं. दादा पुढच्या बाजाराला वाशीमला गेला आणि चार माणसांत मिस्त्रीला नाही नाही ते बोलला. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आला. "भाऊ, साग मी डोये झाकून वळखतो," एवढंच म्हणाला आणि घडवंची खांद्यावर घालून घेऊन गेला. मी मनात म्हटलं, आता तो ती तासून पाहील, साग आहे हे सिद्ध करील आणि माझं बिंग फुटेल. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

तो परत आला तो नवी घडवंची घेऊन. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"भाऊ, तुमी बरोबर होते. लाकूड सागाचंच हाय, पन रंध्यानं तासलं आन् हात असे झाले. वखारीत बिब्ब्याच्या पोत्याखाली पडलं असन. मी पायलं नाई, गलती माही." मग तो वहिनीकडे वळून, नजर खाली ठेवून म्हणाला, "माफ करजा, बाई."

तेल सागाच्या रेषांत मुरलं होतं. माझ्या खरवडण्यानं ते गेलं नव्हतं.

माझं पुढे चांगलंच चाललं. गावानं मला डाक्टर म्हणायला सुरुवात केली. कुणाच्या म्हशीला पुरळ उठलं, कुणाची कोंबडी झुरायला लागली की मला बोलावणं यायचं, आणि मी एकेक जागा बाद करत कारण शोधायचो. पुष्कळदा सापडायचंही. वहिनीला पुढे दोन मुली झाल्या. कुत्रं म्हातारं होऊन नव्या घडवंचीखाली मेलं.

मिस्त्रीनं मात्र त्या दिवसापासून एक रीत धरली. कुठलंही लाकूड कामाला घेण्याआधी तो मनगटाच्या आतल्या अंगाला घासायचा, रात्रभर थांबायचा आणि मगच करवत लावायचा. गिऱ्हाइकानं विचारलं तर सगळी हकीकत सांगायचा, माझी तारीफ करून सांगायचा. लोकांनी ऐकलं ते एवढंच, की याच्या लाकडात एकदा बिब्बा निघाला. त्याचं नाव बिब्बेवाला मिस्त्री पडलं. आता दुकान त्याचा मुलगा चालवतो. तोही बिब्बेवाल्याचा मुलगा.

मिस्त्री अजून आहे. दुकानाच्या दाराशी बाजेवर बसलेला असतो, असं ऐकतो. त्याच्यापुढे उभं राहून, रस्त्यावरच्या चार माणसांच्या देखत, मला सांगायचं आहे की त्याचं लाकूड साग होतं, चोख होतं, आणि तेल मी लावलं होतं. हे देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.